कानांनी टेस्ट चालवताना: एनव्हीडीए आणि पायटेस्ट, काही महिन्यांच्या वापरानंतर

मी पूर्ण अंध आहे आणि पोटापाण्यासाठी पायथन लिहितो. विंडोजवर एनव्हीडीए हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर, कोडसाठी व्हीएस कोड आणि युनिट टेस्टसाठी, म्हणजे कोडचे छोटे तुकडे बरोबर चालतात का हे तपासण्यासाठी, पायटेस्ट हे त्रिकूट मी गेले बरेच महिने रोज वापरतोय. अंध मुलं प्रोग्रॅमिंगकडे वळताना हमखास विचारतात, "टेस्ट पास झाली की फेल, हे तुला कळतं कसं?" त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितोय.

एनव्हीडीए फुकट आहे, ओपन सोर्स आहे. २००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या मायकेल करन या अंध प्रोग्रॅमरने त्याची सुरुवात केली आणि जेम्स टेह हा दुसरा अंध प्रोग्रॅमर त्याला येऊन मिळाला. आपल्यासारख्यांनीच बनवलेलं आहे हे वापरताना पदोपदी जाणवतं. इंडेंटेशनचंच, म्हणजे ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या जागेचंच, बघा. सेटिंगमध्ये ते आवाजाच्या सुरांवर ठेवलं की ओळ जितकी आत, तितका सूर वर चढतो. पायथनमध्ये ओळ किती आत आहे त्यावर कोडचा अर्थ ठरतो, त्यामुळे याची किंमत वेगळी सांगायला नको.

आता टेस्ट. पायटेस्टचं नेहमीचं आउटपुट डोळ्यांसाठी आखलेलं आहे. वर प्लॅटफॉर्म, प्लगिनची माहिती, मग पास झालेल्या टेस्टच्या डॉटच्या रांगेत मध्येच फेलचा एखादा एफ, आणि प्रत्येक शीर्षकाच्या दोन्ही बाजूंना इक्वलची लांबलचक ओळ. ते इक्वल किती आहेत हेसुद्धा एनव्हीडीए मोजून सांगतो. डोळस माणूस लाल रंग शोधतो आणि बाकी सोडून देतो. कानाला असं सोडून देता येत नाही, सगळं एकामागून एक ऐकावं लागतं. म्हणून पहिलं काम आउटपुट छाटण्याचं. मी डॅश क्यू, डॅश डॅश टीबी इक्वल्स शॉर्ट आणि डॅश डॅश नो-हेडर हे तीन पर्याय प्रोजेक्टच्या कॉन्फिग फाइलमध्येच टाकून ठेवलेत. दुरुस्ती करताना डॅश डॅश एलएफ, म्हणजे मागच्या वेळी फेल झालेल्या तेवढ्याच टेस्ट पुन्हा चालतात.

दुसरं, आउटपुट खालून वर वाचायचं. निकालाची ओळ शेवटी असते. शिफ्ट आणि नमपॅड ९ दाबून तळाला जायचं, मग नमपॅड ७ ने एकेक ओळ वर. आधी किती पास, किती फेल. त्यावर फेल झालेल्या टेस्टची नावं. बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. वर ट्रेसबॅकमध्ये, म्हणजे चूक कुठून कुठे आली त्या तपशिलात, शिरायचंच असेल तर ई अक्षराने सुरू होणारी ओळ गाठायची, गोम तिथेच असते.

व्हीएस कोडमधली टेस्टची खिडकीही चालते. कंट्रोल सेमीकोलन आणि मग ए दाबलं की सगळ्या टेस्ट, सी दाबलं की कर्सर आहे ती टेस्ट. तरी मी वेगळं विंडोज टर्मिनलच, म्हणजे कमांड चालवायची स्वतंत्र खिडकी, पसंत करतो. कारण साधं आहे: एनव्हीडीएमध्ये प्रत्येक ॲपसाठी सेटिंगचं वेगळं प्रोफाइल ठेवता येतं. एडिटरमध्ये मला प्रत्येक कंस आणि स्वल्पविराम ऐकायचा असतो, टर्मिनलमध्ये नको असतो. टर्मिनल एडिटरच्या पोटात असलं की दोघांना एकच प्रोफाइल लागतं.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो कॉन्फटेस्ट या पायटेस्टच्या फाइलमधल्या दोन छोट्या हुकचा, म्हणजे ठराविक क्षणी पायटेस्ट आपणहून चालवतो अशा माझ्या फंक्शनचा. एक हुक सगळ्या टेस्ट संपल्यावर एक्झिट कोड, म्हणजे पायटेस्टने शेवटी दिलेला निकालाचा आकडा, बघून बीप वाजवतो. ० ला, म्हणजे सगळ्या पास, उंच; १ ला, म्हणजे काही फेल, खर्जातला; आणि ५ ला वेगळा दुहेरी. ५ म्हणजे एकही टेस्ट सापडलीच नाही. हा तिसरा आवाज जरूर ठेवा. टेस्ट चालल्याच नाहीत आणि आपण निर्धास्त, असं होता कामा नये.

दुसरा हुक दोन स्ट्रिंगच्या तुलनेसाठी. पायटेस्ट फरक दाखवताना चुकलेल्या अक्षराच्या बरोबर खाली खूण करतो. आपल्याला त्यातलं फक्त "कॅरेट" ऐकू येतं, ते कुठल्या अक्षराखाली आहे ते नाही. माझा हुक थेट सांगतो: कितव्या जागी फरक, तिथे काय हवं होतं, काय आलं, तेही युनिकोड क्रमांकासह. मराठी बिलांच्या एका कामात "दुसऱ्या हप्त्याची रक्कम" ही टेस्ट फेल होत होती. दोन्ही ओळी ऐकायला अगदी सारख्या, आणि शेजारच्या डोळस सहकाऱ्यालाही सारख्याच दिसत होत्या. हुकने सांगितलं: जागा ३ (मोजणी ० पासून), एकीकडे ०९३१, दुसरीकडे ०९३०. एका ठिकाणी ऱ हे एकच चिन्ह होतं, दुसरीकडे र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) अशी दोन. तुलनेआधी दोन्ही एनएफसीमध्ये, म्हणजे युनिकोडच्या एकाच ठरलेल्या जोडरूपात, नॉर्मलाइझ केल्यावर टेस्ट पास. आता तो हुक आमची सगळी टीम वापरते.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. टेस्ट समांतर चालवल्या आणि प्रोग्रॅम मध्येच काही छापत असला तर बोलण्याचा नुसता गलका होतो. तेव्हा कंट्रोल दाबून एनव्हीडीएला गप्प करायचं आणि शेवटाची वाट बघायची. खरी अडचण ब्राउझरमधल्या डॅशबोर्डची. आधीच्या नोकरीत टेस्टचा निकाल फक्त हिरव्या-लाल ठिपक्यांनी दाखवला जायचा, ठिपक्याला नाव नाही, मजकूर नाही. माझ्याच कोडचा निकाल मला दुसऱ्याला विचारावा लागे. हे मला तेव्हाही मान्य नव्हतं, आजही नाही. ठिपक्यामागे "फेल" हा एक शब्द लिहायला किती वेळ लागतो?

कव्हरेजसाठी, म्हणजे टेस्टनी कोडचा किती भाग तपासला ते बघण्यासाठी, एचटीएमएल रिपोर्टच्या रंगीत पानांच्या नादी लागू नका. टर्म-मिसिंग हा पर्याय दिला की कोणत्या ओळी तपासल्या गेल्या नाहीत त्यांचे आकडे साध्या मजकुरात येतात. आकडा ऐकायचा, एडिटरमध्ये कंट्रोल जी दाबून टाकायचा, की थेट त्या ओळीवर.