जुन्या आडनावाचा डॉलरचा चेक कलेक्शनला टाकला, त्याचा काही महिन्यांनंतरचा अनुभव

परदेशी चेक कलेक्शनला टाकणं, म्हणजे आपल्या बँकेमार्फत तो तिकडच्या बँकेकडे पाठवून पैसे मागवणं; बाकी प्राथमिक माहिती देत बसत नाही. चेक अमेरिकन बँकेवरचा, डॉलरमधला, माझ्या जुन्या कंपनीतल्या शेअर्सच्या हिशेबाचा. त्यावरचं आडनाव लग्नाआधीचं. खातं, ओळखपत्र, नमुना सही मात्र नव्या आडनावाची. चेक न वटता परत आला त्या दिवशी मी माझ्या बँकेच्या या सेवेला पाचपैकी शून्य दिले असते. आज तीन देते.

सगळा घोळ झाला तो चेकच्या पाठीवर. अमेरिकन चेक उलटा करून बघा. एका टोकाला जेमतेम दीड इंचाची जागा पैसे घेणाऱ्याच्या सहीसाठी असते. मग एक रेघ, आणि रेघेखाली लिहू नका, सही करू नका, शिक्का मारू नका अशी बारीक अक्षरांतली सूचना. पुढची जागा बँकांची. नाव बदललेल्या माणसाला त्या दीड इंचात जुन्या नावाची सही, तिच्याखाली नव्या नावाची सही आणि खाते क्रमांक, एवढं सगळं बसवायचं असतं.

काउंटरवर मी आधीच विचारलं होतं, "जुन्या नावाचीही सही करू ना?"

"नको मॅडम. आमच्याकडे जी सही आहे तीच करा. दोन सह्या दिसल्या तर चेक परत येईल."

मी एकच सही केली. त्यावर त्यांनी शाखेचा मोठा गोल शिक्का मारला, तोही बरोबर त्या दीड इंचात, सहीची निम्मी अक्षरं झाकली जातील असा. चेक परत आला तेव्हा सोबतच्या चिठ्ठीवर कारण होतं: पाठीवरची सही चेकवरच्या नावाशी जुळत नाही.

मला राग येतो तो इथे, कारण हा काही जगावेगळा प्रसंग नाही. अमेरिकेच्या युनिफॉर्म कमर्शियल कोडच्या (चेकसह व्यापारी व्यवहारांचे नियम) कलम ३-२०४ मध्ये याची सरळ सोय आहे. चेकवरचं नाव आणि तुमचं नाव वेगळं असेल तर चेकवरच्या नावाने, स्वतःच्या नावाने किंवा दोन्ही नावांनी सही करता येते. आणि चेक घेणारा किंवा पैसे देणारा दोन्ही सह्या मागू शकतो. ब्रिटनच्या १८८२ च्या बिल्स ऑफ एक्स्चेंज ॲक्टमध्येही नाव चुकीचं पडलं असेल तर चेकवर आहे तशी सही करावी आणि हवी तर खाली आपली खरी सही जोडावी, असं लिहिलेलं आहे. कायद्यात इतक्या वर्षांपासून असलेली गोष्ट परदेशी चेक घेणाऱ्या काउंटरवर माहीत नसावी, हे मला पटत नाही. लग्न, घटस्फोट, दत्तक जाणं, स्वखुशीने नाव बदलणं; माणसांची आडनावं बदलतच असतात.

दुसरा वेळकाढूपणा तारखेचा. अमेरिकेत महिना आधी लिहितात. चेकवर ०४/०७ होतं, म्हणजे ७ एप्रिल. काउंटरवर ते ४ जुलै वाचलं गेलं आणि "चेक पुढच्या तारखेचा आहे, तेव्हा या" म्हणून मला परत पाठवलं. अमेरिकेतल्या नियमानुसार तारखेपासून सहा महिने उलटले की चेकचे पैसे देणं बँकेवर बंधनकारक राहत नाही, आणि काही चेकवर तर ९० दिवसांचीच मुदत छापलेली असते. अशा वेळी एकेक आठवडा मोलाचा असतो.

माझं मत बदललं ते परत आलेला चेक घेऊन परकीय चलन विभागात गेल्यावर. तिथल्या अधिकारी बाईंनी चेक उलटा करून आधी पाठ पाहिली. त्यांनी रेघेच्या वर पेन्सिलने दोन बारीक खुणा केल्या आणि म्हणाल्या, "वर जुनं नाव, चेकवर आहे त्याच स्पेलिंगने, मधल्या अक्षरासकट. खाली आत्ताची सही. अक्षर बारीक ठेवा." शिक्का त्यांनी रेघेखाली, बँकेच्या जागेत मारला. सोबत विवाह नोंदणीचा दाखला, जुन्या आडनावाच्या पासपोर्टची प्रत आणि दोन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडलं. वर माझ्या ग्राहक नोंदीत पूर्वीचं नावही घालून घेतलं. हे मी मागितलंसुद्धा नव्हतं. या बाईंचे मनापासून आभार. तीनपैकी दोन गुण त्यांचेच आहेत.

चेक या वेळी वटला, सहा महिन्यांच्या आत. पण हातात काय आलं ते बघा. आपल्या बँकेचं कमिशन, त्यावर कर, तिकडच्या बँकेने वाटेत कापून घेतलेली रक्कम, आणि बाजारापेक्षा कमी दिलेला डॉलरचा भाव. हे सगळं मी समजू शकते. कुरियरचा खर्च मात्र दोनदा लावला, आणि पहिली खेप त्यांच्याच सल्ल्यामुळे फुकट गेली होती. गुण कापले ते यासाठी. रक्कम फार मोठी नाही, पण माझी आहे.

चेक लहान असेल तर या वाटेला जाऊच नका. पैसे देणाऱ्याला चेक रद्द करून थेट खात्यात ट्रान्सफर करायला सांगा. नाव बदलल्याचे कागद ते मागतीलच, पण तेच कागद बँकेलाही द्यावे लागतात. तसाही कागदी चेक आता बंद होत चाललाय. डेन्मार्कने २०१७ मध्ये चेक बंद केले, न्यूझीलंडच्या बँकांनी २०२१ पर्यंत. अमेरिकन सरकारनेही ३० सप्टेंबर २०२५ पासून आपले बहुतेक कागदी चेक थांबवायचं ठरवलं.

चेकच टाकायचा असेल तर आधी त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. परत आलेल्या चेकवर काय केव्हा लिहिलं गेलं यावर वाद झाला, तेव्हा माझ्या बाजूने बोलायला तेवढंच होतं. शिवाय 'रक्कम वटल्यावर जमा' की 'आधी जमा, न वटल्यास वजा', यातलं काय लागू आहे ते पावतीवर लिहून घ्या. दुसऱ्या प्रकारात खात्यात दिसलेले पैसे नंतर परत जाऊ शकतात, तेव्हा लगेच खर्च करू नका.

कुरियरचे दुसऱ्यांदा कापलेले पैसे परत मिळावेत म्हणून लेखी अर्ज दिलाय, पोच घेतली आहे. शाखेने उत्तर दिलं नाही तर बँकेच्या तक्रार विभागाकडे जाणार आहे. पैसे परत मिळाले तर चौथा गुणही देईन.