फ्रेडीचं पिवळं जॅकेट, वरातीच्या बँडच्या टेलर मास्तरांकडून

1986च्या जुलैत लंडनच्या वेम्बली स्टेडियमवर क्वीन या रॉक बँडच्या गायकाने, फ्रेडी मर्क्युरीने घातलेलं ते पिवळं जॅकेट हवं असेल, तर ऑनलाइन मिळणाऱ्या तयार मालाच्या नादी लागू नका. ऑफिसातल्या एकाने मागवलेलं मी घालून पाहिलं. रेक्झिनसारखं चकाकतं, आणि हात वर केला की अख्खं जॅकेट बरगड्यांवर चढतं. मूठ वर न करता कसला आलाय फ्रेडी?

माझं शिवलं गिरगावातल्या एका छोट्या दुकानात. एरवी तिथे लग्नाच्या बँडवाल्यांचे गणवेश होतात. फोटो पाहून मास्तरांचा पहिला प्रश्न, "झालर कुठाय?" तीच तर नाहीये. वेशभूषाकार डायना मोझलीने क्वीनच्या त्या वर्षीच्या मॅजिक टूरसाठी केलेल्या या जॅकेटला लष्करी थाट येतो तो उभ्या कॉलरने आणि छातीवरच्या आडव्या पट्ट्या-बकलांनी. मास्तरांना काही पटेना. "ताई, खांद्यावर थोडी सोनेरी डोरी तरी?" हा पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकलेला, बुलसारा आडनावाचा पारशी मुलगा, असं सांगितल्यावर मात्र त्यांनी फोटो मोठा करून नीट पाहिला.

पुढचा प्रश्न ऐकून मी निर्धास्त झाले : "वाजवणार काय?" गाणार, म्हटल्यावर मला हात वर करायला लावून त्यांनी काखेपासून माप घेतलं. ट्रम्पेटवाल्याचा हात सतत वर असतो, म्हणून त्याचा मुंढा, म्हणजे बाही जोडायची जागा, काखेला लागून कापतात. मुंढा खोल गेला की बाही सगळा कोट वर ओढते. शिवाय काखेत बदामाच्या आकाराचा एक छोटा तुकडा जोडला, बाहेरून दिसतसुद्धा नाही. दुसरं म्हणजे, बाईच्या अंगाचा कोट असूनही त्यांनी पुढे चुण्या घेतल्या नाहीत. घेतल्या असत्या तर पट्ट्या तिरक्या बसल्या असत्या. सगळा आकार बाजूच्या शिवणीत काढला. कॉलरमध्ये बुकरमचं कडक कापड दुहेरी आहे, घामाने भिजूनही ताठ राहिली.

पट्ट्यांखाली टिचबटणं लावून घ्या. खरी बकलं स्टेजवर सोडत बसलात तर आतलं पांढरं बनियन दिसेपर्यंत गाणं संपेल.

आता तक्रारी. अस्तर सुती सांगितलं होतं, आलं पॉलिस्टर. दिव्यांखाली नुसती भट्टी. दुकानातली बकलं हलक्या मुलाम्याची, पहिल्याच कार्यक्रमानंतर काळी पडली. मी धारावीतून स्टीलची आणून बदलून घेतली, तेव्हा आधीच आपली घेऊन जा. कापडही आपलंच न्या. मंगलदास मार्केटमधलं जाड सुती ड्रिल बघा, लिंबापेक्षा झेंडूकडे झुकणारा पिवळा. पँट मी दुसरीकडे शिवली, मास्तर ढगळच करतात. शिलाई 3,800 रुपये. एवढ्या हातकामाला मला ती कमीच वाटली.

जायचं ते गणपतीनंतर, दिवाळीआधी. कच्च्या शिलाईवरची ट्रायल मागून घ्या, मागितल्याशिवाय देत नाहीत. तुळशीचं लग्न लागलं की बँडवाल्यांची रीघ सुरू होते, आणि मग मास्तर देतील ती तारीख घ्यायची, वर चार दिवस धरून.