सागवानी जमिनीवर पीयूच्या नावाखाली मेण: सोलापूरकरांनो, सावध राहा

सोलापूरच्या पेठांमधल्या जुन्या घरांत अजूनही माडीवर सागवानी फळ्यांची जमीन सापडते. आमच्या घरात आहे, सासऱ्यांच्या वडिलांच्या वेळची. मुलीच्या साखरपुड्याआधी ती नीट करून घ्यावी म्हणून आम्ही ‘डीप क्लीनिंग, सँडिंग आणि पीयू कोटिंग’ करणाऱ्या एकाला बोलावलं. सँडिंग म्हणजे जुना थर घासून काढणं आणि पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, लाकडावर वाळून कडक होणारा पारदर्शक थर. तो 38,500 रुपये घेऊन गेला आणि फळ्यांवर मेण चोळून गेला. तक्रार चालू असल्यामुळे नाव देत नाही. तसंही असल्या लोकांना नाव बदलायला कितीसा वेळ लागतो! त्याने काय काय केलं ते मात्र सविस्तर लिहिते, म्हणजे दुसऱ्या कुठल्या नावाने तुमच्या दारात आला तरी ओळखू येईल.

माणूस दिसायला व्यवस्थित. कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट, गळ्यात ओळखपत्र, सोबत एक पोरगा आणि एक मशीन. चपला जिन्याखाली काढून वर आला, सासूबाईंच्या पाया पडला. मग खिशातून पांढरंशुभ्र कापड काढलं, एका बाटलीतलं काहीतरी त्यावर ओतलं आणि खिडकीखालच्या फळीवर चार वेळा जोर देऊन फिरवलं. कापड तपकिरी झालं. “काकू, रोज पुसताय तरी बघा किती घाण मुरलीय. ही घाण लाकूड आतून खाते,” असं म्हणून ते कापड त्याने सासूबाईंच्या हातातच दिलं. रोज फरशी पुसणाऱ्या बाईच्या हातात असं कापड दिलं की पुढे बोलायला काही उरत नाही.

बाटलीत स्पिरिट होतं. अनेक जुन्या लाकडी जमिनींवर चपडीचं पॉलिश असतं, म्हणजे लाखेचे पापुद्रे स्पिरिटमध्ये विरघळवून केलेलं. ते वाळून कितीही वर्षं झाली तरी पुन्हा स्पिरिट लागलं की सुटतं. कापडाला लागलेला तपकिरी रंग बराचसा आमच्या पॉलिशचाच होता. आदल्या दिवशी पॉलिश केलेल्या नव्या पाटावर हा प्रयोग केला असता तरी कापड तसंच निघालं असतं.

दुसरा खेळ मीटरचा. दोन सुया असलेलं हातातलं यंत्र असतं, त्याने लाकडातला ओलावा मोजतात. ते यंत्र खरं असतं, फर्निचरवाले वापरतातही. सुया लाकडात टोचल्या की त्यांच्यामधून वीज किती सहज वाहते त्यावरून ते आकडा दाखवतं. याने सुया टोचल्या त्या पोऱ्याने नुकत्याच ओल्या फडक्याने पुसलेल्या जागी. आकडा आला 22. “वीसच्या वर गेलं की बुरशी धरते,” हे त्याचं वाक्य खरंच आहे. पण मे महिना, बाहेर 43 अंश, घरात पापड ठेवला तर कडकडीत राहील अशी हवा, आणि आमच्या सागाच्या पोटात 22 टक्के पाणी? अशा कोरड्या हवेत लाकूड सात-आठ टक्क्यांच्या आसपास असतं. तुमच्याकडे कोणी मीटर काढला तर पलंगाखालच्या, फडकं न लागलेल्या जागी सुया टोचायला सांगा आणि तिथला आकडा बघा.

कामाचा दर चौरस फुटाला 95 रुपये ठरला. त्यात जुना थर घासून काढणं आणि पीयूचे तीन हात धरलेले होते. फटी भरायचे पैसे वेगळे. सकाळी आले, गोल ब्रश लावलेलं मशीन फिरवलं, दुपारी जेवून उठले आणि संध्याकाळी “आता चाला बिनधास्त” म्हणून पैसे घेऊन गेले. जमीन लखलखत होती. पंख्याची पाती खाली दिसत होती, सगळे खूश. आमच्या मेव्हण्याने तर त्याचा नंबरही मागून घेतला.

आता एका दिवसात काय काय झालं नाही ते सांगते. खरं सँडिंग असलं तर आधी 40 नंबरचा जाड सँडपेपर लागतो, मग 80, मग 120. त्यातून लाकडाचा भुसा निघतो, पिशव्या भरून. यंत्राला भुसा ओढणारी नळी असली तरी पिशवीत तो दिसतोच. आमच्या माडीवर भुशाचा कण नव्हता. जुना सागवान घासला की वरचा काळपट थर जाऊन खालून मधासारखा उजळ रंग निघतो, एकदा तरी पूर्ण जमीन तशी उघडी दिसायला हवी. ती दिसली नाही. पीयूच्या डब्यासोबत बहुतेक वेळा हार्डनरचा, म्हणजे थर कडक करणाऱ्या द्रवाचा, वेगळा डबा येतो, दोन्ही मोजून मिसळावे लागतात आणि मिसळलेला माल ठरावीक वेळात संपवावा लागतो. एक हात वाळायला काही तास जातात, दोन हातांमध्ये बारीक पेपर मारतात, शेवटच्या हातानंतर निदान एक दिवस पाय ठेवत नाहीत आणि जड सामान आणखी काही दिवस लांबच ठेवतात. वासाने घर सोडावंसं वाटतं. आमच्याकडे आला तो लिंबाचा मंद सुवास.

पहिल्या पावसापर्यंत सगळं ठीक दिसलं. नंतर अनवाणी पायांचे ठसे उठायला लागले, धूळ चिकटून बसायला लागली, आणि सासूबाईंचा पाय दोनदा सटकला. हातातला तांब्या सांडला तर पाणी पुसल्यावर पांढरा डाग राहू लागला. फोन केला तर म्हणे ते नॉर्मल आहे, दर महिन्याला आमचं लिक्विड मारायचं, 1,800 रुपयांची बाटली, नाहीतर वर्षाचा मेंटेनन्स करार घ्या. आम्ही एक बाटली घेतली. त्यानंतर नंबर बंद.

फटींचं तर आणखीच वाईट झालं. लाकूड हवेप्रमाणे हलतं आणि तेही रुंदीत जास्त, लांबीत जवळजवळ नाहीच. आपल्याकडच्या उन्हाळ्यात फळ्या आकसतात आणि मध्ये नखभर फट पडते. आषाढात हवेत दमटपणा आला की त्याच फळ्या फुगून फट आपोआप मिटते. पिढ्यान्पिढ्या हे असंच चाललेलं असतं. या माणसाने ऐन मे महिन्यात, फटी सगळ्यात रुंद असताना, त्यात कडक पुट्टी ठासली. जुलैमध्ये फळ्यांना पसरायला जागाच मिळाली नाही. पुट्टी सुतळीसारखी लांब लांब निघून वर आली, ती आम्ही झाडूने गोळा केली. पण जिन्याजवळच्या दोन फळ्यांच्या कडा उचलल्या गेल्या, त्या अजून बसलेल्या नाहीत. मेण निघेल कधीतरी, त्या फळ्यांचं काय करायचं हा खरा प्रश्न आहे.

शेवटी आमचे जुने सुतारमामा आले. त्यांनी मीटर आणला नाही की मशीन आणलं नाही. टर्पेंटाइनचं फडकं कोपऱ्यात घासलं, फडक्यावर पिवळट चिकट थर आला. नखाने खरवडलं तर नखाखाली मऊ गोळी जमली. “ताई, हे मेण हाय की ओ. पीयू आसता तर टर्पेंटाइनला दाद दिली नसती.” मग एका जागी पाण्याचे थेंब टाकून आम्ही चहा प्यालो. चहा संपेपर्यंत थेंबांखाली पांढरट वर्तुळं झाली होती, तीही मेणाचीच खूण. हा थेंबांचा प्रयोग कोणालाही जमेल. चांगल्या पीयूवर थेंब तसाच गोल राहतो आणि पुसला की मागे काही उरत नाही. थेंब मुरून खालचं लाकूड गडद झालं तर मात्र वरचा थर खरोखर झिजलाय आणि काम काढायला हवं.

मामांनी सांगितलेली वाईट बातमी वेगळीच होती. मेणावर पीयू धरत नाही. त्यामुळे आता खरं काम करायचं तर आधी टर्पेंटाइन आणि बारीक स्टील वूल (पोलादाच्या बारीक तारांचा गुंता) घेऊन फळीन् फळी रेषेच्या दिशेने घासून मेण काढावं लागणार, फटींतलंसुद्धा. म्हणजे या माणसाला न बोलावता आधीच खरं काम करून घेतलं असतं तर जेवढा खर्च आला असता त्यापेक्षा आता जास्त येणार.

बिलाचंही सांगते. छापील बिल दिलं होतं, त्यावर जीएसटी नंबरही होता. मुलीने मोजला तर 14 अक्षरं. खरा नंबर 15 अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा असेल तर 27 ने सुरू होतो. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की धंद्याचं नाव फुकटात दिसतं, आमचा तिथे निघालाच नाही. पैसे यूपीआयने गेले तेही कंपनीच्या नावावर नाही, कुठल्याशा व्यक्तीच्या खात्यावर.

जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडकडच्या नव्या फ्लॅटमध्ये ‘वुडन फ्लोअरिंग’ असणाऱ्यांसाठी एक वेगळी सूचना. ते बहुतेक वेळा लॅमिनेट असतं. दाबलेल्या भुशाच्या पाटीवर लाकडाच्या रेषा छापलेला कागद आणि त्यावर पारदर्शक कडक थर. नीट बघितलंत तर काही फळ्यांवर तीच गाठ, तीच रेष पुन्हा सापडते. त्याला सँडिंग होतच नाही, घासलं तर छापच जाईल. लॅमिनेटला घासून पॉलिश करून देतो म्हणणाऱ्याला जिन्यातूनच परत पाठवा.

आणि पांढुरकेपणा दिसला की लगेच पॉलिश गेलं असं समजू नका. आपल्याकडे नळाला पाणी येतं कधीतरी, मग पुसायला बोअरचं पाणी वापरतो. ते जड पाणी वाळलं की क्षाराची पुसट साय राहते. याही गोष्टीचा त्याने ‘पॉलिश मेलंय’ म्हणून फायदा घेतला होता. साठवलेल्या नळाच्या पाण्यात फडकं बुडवून, अगदी घट्ट पिळून पुसलं की भागतं. फिनाईल, सोडा, रॉकेलचे थेंब यातलं काही नको, स्टीम मॉप तर नकोच.

आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज तयार करतोय. पाच लाखांपर्यंत दिलेल्या रकमेच्या तक्रारीला तिथे फी लागत नाही. पाठवलेली नोटीस ‘पत्त्यावर कोणी नाही’ म्हणून परत आली, तो लखोटा न फोडता फाइलला लावलाय. ती 1,800 ची बाटलीही ठेवलीय. तुमच्याकडे असा कोणी येऊन गेला असेल तर बिल, यूपीआयची पावती, व्हॉट्सॲपवरचं बोलणं आणि जमिनीचे तारखेसकट फोटो आत्ताच एका जागी काढून ठेवा. तक्रारीची मुदत दोन वर्षांची असते आणि मेण कळायलाच आम्हाला एक पावसाळा लागला.