स्टीलची सायकल घेताना आधी भोकं मोजा (नाशिक ते अंबड रोज, अधूनमधून जव्हार-वणी)

मागच्या चाकाचा एक्सल फ्रेममध्ये जिथे बसतो ना, त्याच्या बाजूला पेच बसवायला दोन भोकं आहेत का ते आधी बघा, रंग आणि स्टिकर नंतर. एक भोक मडगार्डसाठी, एक कॅरिअरसाठी. मग सीटखाली दोन, पुढच्या फोर्कला खाली दोन, जमलं तर फोर्कच्या बाजूंनी तीन-तीन. मी चार महिने सायकली बघत होतो आणि शेवटी ही मोजणीच सगळ्यात उपयोगी पडली, कारण ज्या फ्रेमला ही भोकं असतात तिच्या बाकीच्या गोष्टी पण साधारण बरोबर असतात, जाड टायर बसतं, मागचा भाग लांब असतो, म्हणजे ती बनवणाऱ्याने सामान वाहणाऱ्या माणसाचा विचार केलेला असतो.

माझी सायकल क्रोमोली स्टीलची टूरिंग टाइप आहे, सेकंडहँड घेतली, पुण्याहून, ४१ हजारांना. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, ते मॉडेल आता नवीन मिळत पण नाही, आणि मला जे सांगायचंय ते कुठल्याही स्टीलच्या सायकलला लागू होतं. दीड वर्षात साडेसहा हजार किलोमीटर झालेत. त्यातले बरेचसे मखमलाबाद रोड ते अंबड एमआयडीसी, रामवाडी पूल, अशोक स्तंभ, सीबीएस, मायको सर्कल, उंटवाडी, त्रिमूर्ती चौक आणि मग अंबड, जाऊन-येऊन चोवीसच्या आसपास. बाकी टूर, त्र्यंबक-मोखाडा-जव्हार दोनदा, वणीचा गड एकदा, आणि हिवाळ्यात पक्षी बघायला नांदूर मध्यमेश्वर.

आता स्टीलच का. नाशकात सायकलिंगचं वातावरण चांगलं आहे, महाजन बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत टीम म्हणून पूर्ण केली तेव्हापासून माझ्या ओळखीतच कितीतरी जणांनी रोड बाइक घेतल्या. पण रोड बाइकला डबा, शिफ्टचे कपडे, रेनकोट आणि कुलूप कुठे ठेवणार, पाठीवर सॅक घेऊन मे महिन्यात अंबडपर्यंत गेलं की शर्ट पिळून काढावा लागतो. हायब्रिड चालवून बघितली एका मित्राची, पुढे सस्पेन्शन, सव्वादोन-अडीच किलोचा तो फोर्क रोज कशासाठी ओढायचा हा प्रश्न पडला. मग उरली साधी, सरळ फोर्कची, कॅरिअर लागणारी सायकल, आणि तशा फ्रेम बहुतेक स्टीलच्याच मिळतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, कारण हा गैरसमज मी पण दोन वर्षं बाळगला होता. स्टील मऊ चालतं, खड्डे कळत नाहीत, असं सगळे म्हणतात. थोडंफार आहे खरं, पण त्यातला मोठा वाटा टायरचा असतो. माझ्या सायकलला आधी ३२ चे (म्हणजे ३२ मिलिमीटर रुंद) टायर होते, ८० पीएसआय हवा, आणि त्रिमूर्ती चौकापुढे मनगटं दुखायची. ३८ चे टाकले, मागे ५५, पुढे ४५ हवा ठेवली आणि तीच फ्रेम एकदम वेगळी वाटायला लागली. आता रस्ते जागोजागी खोदलेत, एका रात्रीत नवा चर पडलेला असतो, त्यात हे जाड टायर नसते तर मी सायकल सोडून दिली असती. म्हणून घेताना विचारा की मडगार्ड लावून किती जाड टायर बसतं. ३८ बसलं तर घ्या, ३२ च बसत असेल तर फ्रेम कितीही सुंदर असली तरी आपल्या कामाची नाही.

मी क्वालिटीमध्ये आहे, दिवसभर व्हर्नियर हातात असतो, म्हणून मटेरिअलबद्दल जरा जास्त लिहितो. क्रोमोलीचा नंबर ४१३०, म्हणजे क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं स्टील, शेवटचा ३० म्हणजे कार्बन साधारण ०.३० टक्के. साधं हाय-टेन्साइल स्टील आणि क्रोमोली, दोघांचा कडकपणा, म्हणजे भाराखाली किती लवतं ते, जवळपास सारखाच, फरक ताकदीत. ताकद जास्त म्हणून पाइपची भिंत पातळ ठेवता येते आणि वजन तिथे वाचतं. डबल बटेड म्हणजे पाइप टोकांना जाड, मध्ये पातळ, उदाहरणार्थ ०.९, मध्ये ०.६, परत ०.९ मिलिमीटर, कारण ताण जास्त येतो तो जोडांपाशी. ही कल्पना जुनी आहे, बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सने १८९७ मध्ये तिचं पेटंट घेतलं, आणि त्यांचा प्रसिद्ध ५३१ पाइप १९३५ मध्ये आला. आज ज्या फ्रेमवर रेनॉल्ड्स ५२० चा स्टिकर दिसतो तो पण क्रोमोलीच, चांगला पाइप आहे, पण नुसत्या स्टिकरसाठी दहा हजार जास्त देऊ नका.

सेकंडहँड घेताना लोहचुंबक घेऊन जायला सांगतात लोक. चुंबक स्टील आहे एवढंच सांगतं, चांगलं की साधं ते नाही, दोन्हीला चिकटतो. त्यापेक्षा सीटपोस्ट, म्हणजे सीटचा दांडा, बाहेर काढा आणि त्याचा व्यास बघा, पोस्टवर छापलेला असतो. बाहेरून २८.६ मिलिमीटरच्या पाइपमध्ये २७.२ चा पोस्ट जात असेल तर भिंत पातळ, म्हणजे पाइप बरा. २५.४ चा जात असेल तर भिंत जाड, फ्रेम जड. मी घेताना हेच केलं, विकणाऱ्याला पण नवल वाटलं. पोस्ट निघतच नसेल तर सौदा सोडा, स्टीलमध्ये ॲल्युमिनियमचा पोस्ट ग्रीसशिवाय वर्षानुवर्षं राहिला की असा धरतो की कापून काढावा लागतो. मग हँडलच्या मागे, खालच्या पाइपच्या पोटाशी बोट फिरवा, तिथे बारीक फुगवटा किंवा रंगाला आडवी चीर असेल तर सायकल समोरून धडकलेली आहे. शेवटचं, दोरा. मागच्या एक्सलच्या एका बाजूला बांधायचा, पुढे हेड ट्यूबला, म्हणजे हँडलखालच्या उभ्या पाइपला, वळसा घालून दुसऱ्या बाजूला आणायचा, आणि सीटच्या पाइपपासून दोन्हीकडचं अंतर पट्टीने मोजायचं. माझ्यात एक मिलिमीटरचा फरक आला, तेवढा चालतो.

साइजबद्दल मात्र कोणाचं ऐकू नका, म्हणजे दुकानदाराचं तर नाहीच. एका दुकानात माझ्या पाच फूट सहा इंचाला ५६ सेंटिमीटरची फ्रेम दाखवली, सीट खाली घेतली, बघा बसताय की आरामात, म्हणे. सीट खाली-वर होते हो, पण हँडलपर्यंत हात लांबवावा लागतो त्याचं काय. दहा मिनिटं बरं वाटतं, पन्नास किलोमीटरला मान आखडते. मी ५२ घेतली.

गिअरचं गणित घाटात कळतं. माझ्या पुढच्या चकत्या ४८-३६-२६, मागे सगळ्यात मोठी ३४ दातांची. सगळ्यात हलक्या गिअरला पायडलचा एक फेरा म्हणजे सायकल साधारण १.६७ मीटर पुढे, मिनिटाला साठ फेरे मारले तर ताशी सहा किलोमीटर. हळू आहे, पण तोरंगण घाटात आठ किलो सामान घेऊन बसून चढता येतं. रोड बाइकवर ५०-३४ आणि मागे २८ असेल तर त्याच साठ फेऱ्यांना सव्वानऊच्या आसपास वेग ठेवावा लागतो, नाहीतर उभं राहून मारा. नांदुरीपासून वणीच्या गडापर्यंतच्या दहा किलोमीटरला माझ्याबरोबर रोड बाइकवर एक तरणा मुलगा होता, माझ्यापेक्षा खूप फिट, त्याचे गुडघे दोन दिवस दुखले, माझे नाही. म्हणून दुकानात वेगाचं कोणी सांगायला लागलं की मी हलका गिअर किती आहे ते विचारतो.

वजन १३.४ किलो, कॅरिअर-मडगार्डसकट. जड आहे, तिसऱ्या मजल्यावर न्यायची तर रोज जाणवतं. पण मी ६८ किलो, सायकल, सामान, पाणी धरून नव्वदच्या आसपास होतं, त्यात दोन किलो वाचले तर दोन-सव्वादोन टक्के. दोनशे किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांत संपवायची असते, म्हणजे सरासरी पंधराच्या आतच, ती या सायकलवर आरामात होते.

आता जे त्र्यंबकला झालं ते सांगतो. गेल्या जुलैत जव्हारला निघालो, पाऊस धो धो, आणि त्र्यंबकच्या अलीकडे कॅरिअर एका बाजूला कललं. उजवीकडचा पेच कधीतरी गळून पडला होता, निघण्यापूर्वी मी आवळून बघायला हवा होता, बघितला नाही, सगळा भार डावीकडे आला आणि डावीकडचं भोक, म्हणजे ते कानासारखं असतं ना, ते चिरलं. मला वाटलं टूर संपली. त्र्यंबकमध्ये ग्रिल आणि ट्रॉलीची कामं करणारा एक जण सापडला, त्याच्याकडे गॅस वेल्डिंगचा गॅस होता. तो म्हणाला, आर्क मारली तर भोक पडेल, पितळ सोडतो. पंधरा मिनिटांत पितळ सोडून ते कान त्याने परत उभं केलं, मी भोक साफ केलं, पेच लावला, दीडशे रुपये दिले आणि संध्याकाळी जव्हारला होतो. अजून तसंच आहे, रंग गेलाय तेवढं. ॲल्युमिनियम असतं तर टिग वेल्डिंग लागलं असतं, आणि ६०६१ ला (सायकलीत वापरतात ते एक ॲल्युमिनियम) वेल्डिंगनंतर परत हीट ट्रीटमेंट केल्याशिवाय ताकद येत नाही, ती त्र्यंबकला कुठे होणार. स्टील का घेतली असं कोणी विचारलं की मला तो गॅसवाला आठवतो. मात्र ते कान जाड पट्टीचं होतं म्हणून जमलं. मधल्या पातळ पाइपला चीर गेली तर रस्त्यावर काही करायला जाऊ नका.

गंजाचं बघावं लागतं, त्यातून सुटका नाही. पहिल्या पावसाळ्यानंतर सीटपोस्ट काढून सायकल उलटी केली तर अर्धा पेला पाणी निघालं. खाली, पायडलचा एक्सल असतो तिथे, पाणी जायला एक बारीक भोक असतं, माझ्यात ते मातीने बुजलं होतं. मग रविवार कारंज्याजवळच्या पेंटच्या दुकानातून डबल बॉइल्ड लिन्सीड ऑइल आणलं, पाइपमध्ये ओतून फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवली, दोन दिवस टांगून ठेवली. आत पापुद्रा धरतो. दरवर्षी मे संपताना हे करायचं, सीटपोस्टला ग्रीस तेव्हाच.

डिस्क ब्रेक तारेचे आहेत. पावसात पहिले दोन-तीन दाब किंचाळतात, मग नीट धरतात. मी हायड्रॉलिक मुद्दाम नाही घेतले, तार कुठेही मिळते. मागचं चाक ३६ स्पोकचं, दीड वर्षात एकदाच आऊट काढायला लागलं. मागच्या दातांच्या चकत्या कॅसेटच्या आहेत का फ्रीव्हीलच्या तेही बघून घ्या, स्वस्त सायकलींना फ्रीव्हील असतं, त्यात बेअरिंग आतल्या बाजूला राहतं आणि सामान लादलं की एक्सल वाकतो. आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक असेल तर पितळेचा छोटा ॲडॉप्टर टूलच्या पिशवीत ठेवाच, पेट्रोल पंपाची आणि हरसूलच्या पंक्चरवाल्याची नळी त्याच्याशिवाय बसत नाही.

बाबा एकाहत्तर वर्षांचे आहेत, नोकरीभर काळ्या ॲटलसवर नाशिकरोडच्या प्रेसला गेले. त्यांनी ही सायकल बिल्डिंगभोवती दोन फेऱ्या फिरवून बघितली, उतरले, आणि विचारलं, "याला स्टँड का नाही रे?" बरोबर विचारलं. मागच्या पाइपवर आवळायचा स्टँड लावला तर पातळ पाइप चेपतो, त्यासाठी फ्रेमला चाकाच्या पुढे एक पट्टी जोडलेली लागते आणि माझ्या फ्रेमला ती नाही. डबा आणि पॅनिअर (कॅरिअरच्या बाजूच्या पिशव्या) भरलेली सायकल रोज कंपनीत भिंत शोधून टेकवावी लागते, पावसात भिंतीची जागा आधीच बाइकवाल्यांनी घेतलेली असते. भोकं मोजताना त्या पट्टीचं पण बघा, मी तेव्हा बघितलं नव्हतं.