दुकानातला कॉम्प्युटर की खिशातलं ॲप?

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि त्याच्याच धास्तीने आमच्या कराडच्या सिमेंट-पाईपच्या दुकानात कॉम्प्युटरवरचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर बसलं. ते सहा वर्षं वापरलं. २०२३ पासून ऑनलाइन ॲप आहे. बिलं, ई-वे बिल (माल गाडीतून नेतानाचं ऑनलाइन बिल), जीएसटीआर-१ (विक्रीचं जीएसटी विवरणपत्र) दोन्हींत होतं, त्यात डावं-उजवं शोधत बसू नका.

जुन्याला नावं ठेवणार नाही. नेट गेलं तरी बिल निघायचं, दिवाणजींची बोटं न बघता चालायची, आणि सीएंना डेटाची फाइल पाठवली की त्यांचा फोनच यायचा नाही. नुसत्या हिशेबासाठी आजही मी तेच सुचवेन.

माझं अडलं चिठ्ठीपाशी. कॉम्प्युटर दुकानात, गोडाऊन ओगलेवाडीला. टेम्पो भरला की गोडाऊनवाला चिठ्ठी लिहायचा, ती संध्याकाळी दुकानात यायची आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दिवाणजी ती चढवायचे. एखादी शर्टाबरोबर धुतलीही गेली. एकदा स्क्रीनवर सिमेंटची ९० पोती दिसली, म्हणून एका ठेकेदाराला स्लॅबसाठी हो म्हणून बसलो. गोडाऊनला निघाली २५. तिकडे मिक्सर लागलेला, माणसं खोळंबलेली. उरलेली ६५ पोती शेजारच्या दुकानातून उचलली, तो म्हणेल त्या भावाने. पैशाचं सोडा, ठेकेदार पुढचे दोन महिने फिरकला नाही.

आता टेम्पो हलायच्या आधी गोडाऊनवालाच मोबाइलवर जावक टाकतो. सुरुवातीला कुरकुरला. मग भाडोत्री टेम्पोवाल्यांशी फेऱ्यांवरून होणारी त्याची रोजची हुज्जत थांबली, आणि कुरकुरही.

ॲपचे ताप आहेतच. दरवर्षी पैसे भरा, नेट गेलं की हाताने बिल फाडा. डेटा दुसऱ्याच्या घरी, म्हणून मी महिन्याला एक्सेल उतरवून ठेवतो. आणि आपला गोंधळ ॲप निस्तरत नाही. आमच्याकडे एकाच सिमेंटची तीन नावं चढवलेली होती. २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंटवरचा जीएसटीचा दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा दोन नावांचा बदलला, तिसरं तसंच राहिलं. चूक माझीच.

गोडाऊन दुकानाच्या मागेच असेल, तर कदाचित हा खटाटोप नकोच. माल दोन ठिकाणी असेल, तर मात्र ॲपचा डेमो बघायला दिवाणजींऐवजी गोडाऊनवाल्याला बसवा.