कोलोरॅडो रॉकीज, हंगाम 2025: पहिली इनिंग वगळून वापरावे

रॉकीज या डेन्व्हरच्या बेसबॉल टीमच्या पुढच्या हंगामाचा पॅक (बऱ्याच सामन्यांची तिकिटं एकत्र) घ्यावा का, असं ऑफिसातल्या दोघातिघांनी विचारलं. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहितो. बाकीचे तपशील सगळ्यांना पाठ आहेत: 43 विजय, 119 पराभव, धावांचा फरक उणे 424. 1901 पासून एवढी तूट कुठल्याच टीमनं दाखवलेली नाही. त्यावर मी शाई घालवत नाही. माझी तक्रार पहिल्या इनिंगबद्दल आहे.

ऑफिस सुटलं की मी लाइट रेलनं युनियन स्टेशनला उतरतो आणि कूर्स फील्डपर्यंत, म्हणजे रॉकीजच्या स्टेडियमपर्यंत, चालत जातो. पार्किंगला पैसे मोजणं माझ्याच्यानं होत नाही. त्यात दहा मिनिटं उशीर झाला, की गेटवर बॅग तपासून जिना चढेपर्यंत बोर्डावर पाहुण्यांच्या तीन धावा, कधी चार. आपला स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणारा पिचर (चेंडू टाकणारा), कमरेवर हात ठेवून उभा, पिचिंग कोच त्याच्या उंचवट्याकडे, माउंडकडे निघालेला, आणि तिकडे बुलपेनमध्ये, राखीव पिचर्सच्या जागेत, कुणीतरी घाईघाईनं हात मोकळा करतोय. तिकीट नऊ इनिंगचं आणि माल पहिल्याच इनिंगला खराब. दुकानातली वस्तू असती तर पावती घेऊन काउंटरवर उभा राहिलो असतो.

शेजारच्या सीटवर एक आजोबा बसतात. पेन्सिलीनं स्कोअरबुक भरतात. त्यात एका इनिंगला एक उभा रकाना असतो. एकाच इनिंगमध्ये पाहुण्यांचे नऊच्या नऊ बॅटर खेळून पहिला पुन्हा उभा राहिला, की रकाना भरतो. मग शेजारच्या रकान्यावरचा 2 खोडून तिथे पुन्हा 1 लिहायचा आणि पुढचे सगळे आकडे एकेक घर सरकवायचे. आजोबांनी उन्हाळ्यात यावर उपाय काढला. आता ते छापील आकड्यांकडे बघतच नाहीत, इनिंग खरोखर संपली की मगच वर आकडा टाकतात.

स्टार्टर पिचर्सचा ईआरए, म्हणजे दर नऊ इनिंगमागे त्यांच्या खात्यावर पडलेल्या सरासरी धावा, 6.65. ईआरए 1913 पासून अधिकृतपणे मोजतात. तेव्हापासून कुठल्याही टीमच्या स्टार्टर्सनी याहून वाईट आकडा दिलेला नाही.

मे महिन्यापर्यंत मीही सगळ्यांना उंचीचं कारण सांगायचो. वरच्या मजल्यावर जांभळ्या सीटांची एक ओळ आहे, ती समुद्रसपाटीपासून बरोबर 5,280 फुटांवर. म्हणजे आपल्या कळसूबाईच्या माथ्यापेक्षा जेमतेम सव्वाशे फूट खाली. हवा विरळ, त्यामुळे मारलेला चेंडू लांब जातो आणि टाकलेला चेंडू वळत नाही. कर्व्हबॉल इथे नव्या जावयासारखा सरळ येऊन बसतो. चेंडू कोरडे आणि टणक पडू नयेत म्हणून 2002 पासून ते दमट खोलीत ठेवतात. होम रन (थेट मैदानाबाहेर जाणारे फटके) जरा कमी झाले, हवा होती तशीच राहिली.

मग घरचा आणि बाहेरचा हिशोब काढून बघितला आणि माझं मत फिरलं. घरी 25 विजय, बाहेर 18. म्हणजे समुद्रसपाटीला गेल्यावर आणखी वाईट! आता बाहेर हरण्यात बॅटिंगचाही वाटा आहे, हे खरं. इथल्या न वळणाऱ्या चेंडूंची सवय झालेला बॅटर सॅन डिएगोत गेला की वळणाऱ्या स्लायडरपुढे चाचपडतो. पण आपला स्टार्टर कायल फ्रीलंड घ्या. डेन्व्हरचाच मुलगा. 2018 मध्ये त्याच्या नावावर 17 विजय, 7 पराभव, ईआरए 2.85, सर्वोत्तम पिचरसाठीच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात चौथा. 2025 मध्ये 5 विजय, 17 पराभव. कूर्स फील्ड 2018 मध्येही याच उंचीवर होतं.

10 मे रोजी रॉकीज सॅन डिएगोच्या पाद्रेसकडून 21-0 हरले. दुसऱ्या दिवशी 9-3 जिंकले, आणि जिंकल्यावर मॅनेजर बड ब्लॅक यांना नारळ दिला. तोपर्यंतचा हिशोब 7 विजय, 33 पराभव. काढायचं होतं तर आदल्या रात्री काढायचं. पुढे 9 विजय, 50 पराभव अशी अवस्था झाली आणि जूनच्या सुरुवातीला मायामीत जाऊन त्यांनी अचानक तिन्ही सामने मारले. त्याच आठवड्यात मी माझ्या काही सीटा विकायला टाकल्या होत्या. कुठल्या ॲपवर ते सांगत नाही, पण घेणारा मिळाल्यावर त्यांनी कमिशन कापून जे हातावर टेकवलं त्यात दोन कॉफ्याही आल्या नसत्या. चॅटवर भांडलो, तिकडून माफी मागणारा साचेबंद मजकूर येत राहिला. त्यानंतर ठरवलं, विकायचं नाही. पैसे भरलेत ना, मग शेवटचा आऊट होईपर्यंत उठायचं नाही.

या कंजूषपणाचं फळ 1 ऑगस्टला मिळालं. समोर पायरेट्स. पहिल्या इनिंगमध्ये आपली टीम बॅटिंगला यायच्या आत 9-0. आजोबांनी वही मिटून मांडीखाली सारली. आमच्या रांगेतली दोन कुटुंबं पोरांना घेऊन निघाली. मी डबा उघडला. कूर्स फील्डमध्ये बाहेरचं खाणं आत नेता येतं, आणि या सगळ्या अनुभवातले निर्विवाद पाच तारे मी त्याला देतो. दडपे पोहे संपेपर्यंत रॉकीजच्या धावा जमायला लागल्या होत्या. नववी सुरू झाली तेव्हा 16-12 मागे. शेवटी ब्रेंटन डॉयलनं दोन धावांचा होम रन मारला आणि सामना 17-16 असा संपला. अनोळखी माणसांना मिठ्या मारल्या मी! तरीही घरी जाताना ट्रेनमध्ये डोक्यात एकच: पिचर्सनी 16 दिल्या.

भविष्याचं काय, तर सगळी भिस्त तरुण पिचर चेस डॉलंडरवर. 2023 च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) नववा, 2025 च्या एप्रिलमध्ये पदार्पण, चेंडूला वेग भरपूर. बाहेर बरा टाकतो, घरी बेदम मार खातो; म्हणजे उंचीवाल्यांना हाताशी एक पुरावा आहे, नाही म्हणत नाही. पण बाकीचे पिचर कुठून येणार? 2024 मध्ये पहिली निवड चार्ली कॉन्डन, 2025 मध्ये ईथन हॉलिडे. दोघंही बॅटर. घरात पाणी नाही आणि हे पडदे घेतायत. महागडे पिचर विकत आणणं हाही उपाय नाही. 2000 च्या डिसेंबरमध्ये माइक हॅम्प्टनला आठ वर्षांसाठी 121 दशलक्ष डॉलर कबूल केले होते, दोन हंगामांत तो दुसरीकडे गेला.

नोव्हेंबरमध्ये पॉल डीपोडेस्टा यांच्या हातात कारभार दिला. ओकलंडमध्ये बिली बीन यांच्याबरोबर आकडेमोडीवर टीम उभी करणारा माणूस. मधली जवळजवळ दहा वर्षं मात्र ते क्लीव्हलंडच्या अमेरिकन फुटबॉल टीमकडे होते. निदान बाहेरचा माणूस आणला, हेच इथे विशेष. इतकी वर्षं बढत्या घरातल्या घरातच व्हायच्या. त्यांनी पहिल्या वर्षी फक्त एवढं करावं: स्टार्टरला इनिंग संपवून जिवंत परत आणावं. जिंकणं नंतर बघू.

तर, पॅक घेऊ नका. आम्ही चौघांनी मिळून घेतला होता, सोडतोय. डॉजर्स आणि कब्स या टीम आल्या की पाहुण्यांचेच चाहते भाव चढवतात, ते दिवस टाळा. मंगळवार-बुधवारचा सामना बघा, तिकीट आयत्या वेळी घ्या, आणि तिसऱ्या बेसच्या बाजूला बसा, तिथे सावली लवकर येते. फक्त एप्रिलचं घेताना हवामान बघा. इथे तेव्हाही बर्फ पडतो, आणि पुढे ढकललेला सामना भर दुपारी, ऑफिसच्या वेळात येऊ शकतो.