शिरोलीतली फाउंड्री: रेट जास्त आहे, पण केसिंग लीक होत नाही

पंपाच्या केसिंगसाठी (बाहेरचं कवच) ग्रे आयर्नची (साधं ओतीव लोखंड) फाउंड्री शोधताय त्यांच्यासाठी लिहितोय. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण यात आमच्या जुन्या फाउंड्रीची उणीदुणी पण निघणारेत आणि मला ना कुणाची जाहिरात करायची ना बदनामी. कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आहे एवढं पुरे. आमचं मशीन शॉप भोसरीला, माल एफजी 260 (ग्रे आयर्नचा एक ग्रेड).

आधी जुन्या ठिकाणचं सांगतो म्हणजे फरक कळेल. कास्टिंग वरून एकदम चकाचक, रंगबिंग मारून यायचं, मशीनवर चढवून बॉसला (भोक पाडायला ठेवलेला जाड उंचवटा) ड्रिल मारलं की आत सगळी जाळी आणि हायड्रो टेस्टला (आत दाबाने पाणी भरून बघतात ती) बरोबर तिथूनच पाणी झिरपणार, म्हणजे मशीनिंगचे पैसे आपले बुडाले आणि त्याने बदलून दिलं तर फक्त कास्टिंग. वर ऐकवणार काय तर ब्लो होल आहे साहेब, वाळूत ओल होती, पावसाळा चालूये. एप्रिलमध्ये पण यांचा पावसाळाच! अहो ब्लो होल म्हणजे आत अडकलेल्या वायूचा बुडबुडा, तो असला तर भोक गोल असतं, आतून गुळगुळीत असतं. आमच्याकडे जे दिसायचं ते वेडंवाकडं, खरबरीत, भिंगातून बघितलं तर झाडाच्या फांद्यांसारखे दाणे. हे सरळसरळ श्रिंकेज, म्हणजे धातू गोठताना आकसून पडलेली पोकळी, आणि ते वाळूच्या ओलीने होत नाही, जॉब सगळीकडे सारखा थंड होत नाही म्हणून होतं.

शिरोलीवाल्यांचं पहिलं आवडलं ते हे की किलोचा रेट सांगायच्या आधी त्यांनी ड्रॉइंग मागितलं, आणि त्यांच्या मेथडवाल्या (साचा कसा भरायचा ते ठरवणाऱ्या) माणसाने बघितल्या बघितल्या बॉसवर बोट ठेवलं. भिंत 10 मिमी, बॉस 40 मिमी व्यासाचा. त्याने कागदावरच हिशोब मांडला, गोठायचा वेळ आकारमान भागिले पृष्ठभाग याच्या वर्गात वाढतो, भिंतीचं ते गुणोत्तर येतं 5 आणि बॉसचं 10, म्हणजे ढोबळमानाने बॉसला चौपट वेळ लागणार. तोवर भिंत गोठून रस (वितळलेलं लोखंड) यायची वाट बंद, मग बॉसचा मधला भाग आकसताना रस कुठून ओढणार? पोकळी तिथेच पडणार. "रायजर लांब आहे साहेब, तुमच्या बॉसला उपाशी ठेवलंय बघा," असं म्हणाला. रायजर म्हणजे जॉब आकसताना त्याला रस पुरवणारा साच्यातला साठा. नंतर कॉम्प्युटरवर पण दाखवलं, आयआयटी मुंबईत तयार झालेलं ऑटोकास्ट आहे त्यांच्याकडे, त्यात पण हॉट स्पॉट (सगळ्यात शेवटी गोठणारी जागा) तिथेच आला.

मग बॉस 32 चा करायला सांगितला (आमच्या टॅपिंगला, म्हणजे आटे पाडायला, तेवढा पुरतो), रायजर सरकवून बॉसजवळ आणला आणि साच्यात एक छोटी चिल (तिथली उष्णता पटकन ओढणारा धातूचा तुकडा) बसवली. मी म्हटलं मोठीच बसवा की, तर नाही म्हणाला, चिल मोठी झाली की तिथलं लोखंड पांढरं, म्हणजे फार कडक, होतं आणि तुमचेच टॅप तुटतात. शिवाय चिल गंजलेली किंवा ओली असली की तिच्यामुळेच ब्लो होल येतात म्हणून ती घासून, तापवून बसवतात, हे मी स्वतः उभं राहून बघितलंय.

साचा घट्ट ठोकण्यावर पण त्यांचा फार जोर. ग्रे आयर्न गोठताना ग्राफाइट बाहेर पडतं आणि त्याने धातू थोडा फुगतो, साचा घट्ट असेल तर तो फुगवटा आतल्या पोकळ्या भरायला कामी येतो, मऊ असेल तर वाळू मागे सरकते आणि सगळं मुसळ केरात.

पातळ कडेचा त्रास पण गेला. फ्लँजची (नळी जोडायच्या चकतीची) कड इतकी कडक यायची की इन्सर्टचं (कापायच्या पात्याचं) टोक उडायचं, कारण पातळ भाग पटकन गार झाला की कार्बनला ग्राफाइट व्हायला वेळच मिळत नाही. हे लोक लॅडलमध्ये (रस ओतायच्या भांड्यात) फेरोसिलिकॉनचं इनॉक्युलंट (ग्राफाइट व्हायला मदत करणारी भर) टाकून लगेच ओततात आणि वेजचा (चाचणीसाठी ओतलेल्या पाचरीचा) तुकडा तोडून पांढरा भाग किती आला ते बघतात. पहिला सँपल आला तो पण बॉसमधून उभा कापून पाठवला, न मागता.

आता वाईट बाजू. रेट जुन्यापेक्षा चांगलाच वर आहे, पॅटर्न बदलायचा खर्च आपल्या माथी मारला, डिलिव्हरीची तारीख म्हणजे नुसती आशा. फेटलिंग (ओतल्यावरची साफसफाई) तर भंगार, रायजरचे खुंट तसेच सोडतात, आमच्या पोरांना परत ग्राइंडर घेऊन बसावं लागतं. फोन तिसऱ्या चौथ्या रिंगला नाही, दुसऱ्या दिवशी उचलतात. तरी बॉसमधलं लीकेज बंद झालंय, त्यामुळे किलोमागे जे जास्त जातंय ते मशीनिंगच्या वाचलेल्या तासांतून निघतंय. पाचपैकी चार.

इम्पेलर (पंपाच्या आत फिरणारं चाक) मात्र गनमेटलचा (तांब्या-कथलाचा मिश्रधातू) आहे आणि हे फक्त लोखंड ओततात. गनमेटलचा गोठायचा पल्ला (गोठायला सुरुवात ते शेवट यातला तापमानाचा फरक) लांब, त्यात श्रिंकेज एका जागी न राहता सगळ्या जॉबभर बारीक बारीक पसरतं आणि नुसता रायजर मोठा करून भागत नाही, त्यामुळे पुणे, सांगली किंवा कोल्हापूर साइडला हे समजून ओतणारा कुणी असेल तर सांगा.